गोव्याचा बेत गुहागरात अडलाय, सल्ला हवा

विभाग: भटकंती / सायकल

घोडबंदरकर (गुरुवार, रात्री ८:१०)

मंडळी, गुहागरातून लिहितोय. मोबाईलला जेमतेम एक काडी रेंज आहे, तेव्हा उत्तराला वेळ लागला तर समजून घ्या.

ठाण्याहून चौघं निघालो ते किनाऱ्याकिनाऱ्यानं पणजी गाठायला. ऐरोली, बेलापूर, उरण करत करंजा, तिथून लाँचनं रेवस, मग अलिबाग, मुरूड, आगरदांडा-दिघी, श्रीवर्धन, बागमांडला-वेश्वी, केळशी, हर्णै, दाभोळ-धोपावे आणि आता गुहागर. पुढं तवसाळ-जयगड, गणपतीपुळे, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला, पणजी असं ठरलंय. म्हणजे ठरलं होतं.

नावं लिहीत नाही, कारण आमच्यातला एकजण इथं सभासद आहे आणि तो वाचणारच. काका (साठीला टेकलेले, ठाण्याजवळच्या येऊर डोंगराचा चढ आमच्यापैकी सगळ्यात जास्त वेळा चढलेले), बँकवाले, धाकटा आणि मी.

काकांचा उजवा गुडघा केळशीच्या पुढच्या चढापासून बोलतोय. आज धोपाव्यात फेरीबोटीतून उतरल्यावरचा चढ ते सायकल हातात धरून चढले. हा माणूस आजवर कधी उतरलेला पाहिला नव्हता. बँकवाल्यांना दुपारी शाखेतून फोन आला, ऑडिट लागलंय, सोमवारी सकाळी खुर्चीत हवेत. त्यात श्रीवर्धनला धाकट्याच्या मागच्या चाकाचा स्पोक (तार) गेला, गावात त्या लांबीचा मिळेना, त्यात अर्धा दिवस गेला. म्हणजे मुळातच आम्ही मागं आहोत.

आता जेवताना तीन मतं पडली. एक, चौघांनी उद्या चिपळूण गाठून परतायचं. दोन, काका आणि बँकवाले परत, धाकटा आणि मी पुढं. तीन, चिपळूणला जाऊन मुंबई-गोवा हायवे धरायचा आणि अंतर वाचवायचं. मालवण आणि वेंगुर्ल्याच्या खोल्यांचा अ‍ॅडव्हान्स गेलाय, तोही जेवणात निघाला. काका म्हणतात, "माझं काही नाही, सकाळी बघू." सकाळी बघू म्हटलं की मला झोप लागत नाही.

खारघरची_टेकडी (रात्री ८:२२)

आधी फोटो टाका. मग सल्ला.

पेडलमारुती (रात्री ८:३१)

तिसरं मत विसरून जा. त्या हायवेचं चौपदरीकरण २०११ पासून चालूच आहे. कुठं गुळगुळीत काँक्रीट, कुठं अचानक वळसा, शेजारून ट्रेलर. आणि हायवे म्हणजे सपाट असं कुणी सांगितलं? संगमेश्वर, लांजा, राजापूर सगळं चढउतारच. दुखऱ्या गुडघ्याला त्यात काय मिळणार? दोघं परत, दोघं पुढं. सरळ हिशोब आहे. मोठ्या राइडला असं होतंच.

ब्रेकफेल (रात्री ८:४०)

मीच तो धाकटा. पेडलमारुतींना +१. घोडबंदरकर, खाली बसून टाइप करण्यापेक्षा वर खोलीत येऊन बोल की.

घोडबंदरकर (रात्री ८:४२)

वर रेंज नाही.

वाशीवाली (रात्री ९:०५)

हा रस्ता पूर्ण केला आहे आणि एकदा मध्येच सोडलाही आहे, म्हणून जरा लांबण लावते.

पुढं किती जमेल हे नंतर. घरी कुठून जाणार ते आधी ठरवा. गुहागरला रेल्वे नाही. चिपळूण आत ४५ किलोमीटरवर आहे, म्हणजे मागं फिरायलाही अर्धा दिवस सायकल चालवायची. रत्नागिरी पुढं साधारण ८० वर. त्यानंतर तुमच्या किनाऱ्याच्या रस्त्यावर थेट पणजीपर्यंत स्टेशन नाही. विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला, सगळीकडून कणकवली, कुडाळ नाहीतर सावंतवाडीला आत चढून जावं लागतं. काकांचा गुडघा मालवणात बसला तर आत्तापेक्षा जास्त अडकाल. तेव्हा एक तर उद्या चिपळूण, नाही तर परवा रत्नागिरी. मधलं काही नाही.

दुसरं. तुम्ही अंतरं किलोमीटरमध्ये मांडली असणार, सगळेच तसं करतात. या रस्त्यावर खाड्या मोजायच्या. प्रत्येक खाडीला सड्यावरून (म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावरून) समुद्रसपाटीला उतरायचं, फेरीबोट नाहीतर पूल ओलांडायचा आणि पलीकडं पुन्हा सडा चढायचा. तुम्ही कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी ओलांडून आलात. जयगडला शास्त्री आहे, रत्नागिरीनंतर भाट्याला काजळी, पूर्णगडला मुचकुंदी, मग जैतापूर, विजयदुर्गला वाघोटण. ६० किलोमीटरचा दिवस इथं खोपोलीकडच्या सपाट रस्त्यावरच्या १०० सारखा लागतो. येऊर कितीही वेळा चढा, तो एकच चढ आहे आणि वर गेलं की घरी उतरायचं असतं.

तिसरं, आणि मला वाटतं खरं अडलंय ते इथं. काकांना "जमेल का" हे विचारूच नका. जमेल म्हणतील. आपल्यामुळं तिघांची सहल मोडली हे त्यांना गुडघ्यापेक्षा जास्त दुखणार आहे. त्यांना एखादं काम असेल असा बेत करा. चिपळूणच्या गाडीत बसवून हात हलवू नका.

हाडवैद्यीण (रात्री ९:२०)

फिजिओथेरपिस्ट आहे. तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, पण काही गोष्टी तुम्हीच पाहू शकता. दुखणं पुढून, वाटीच्या आसपास आहे का? तसं असेल तर बहुतेक वेळा सीट खाली गेलेली असते किंवा जड गियरवर रेटलेलं असतं. मागून दुखत असेल तर सीट जास्त वर असू शकते. सीटच्या दांड्यावर मार्करची खूण केली होती का? बॅगांच्या वजनानं आणि खड्ड्यांनी दांडा हळूहळू खाली सरकतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

सकाळी उठल्यावर त्यांना जिना उतरायला सांगा. चढायला नाही, उतरायला. उतरताना दुखलं तर उद्या सायकल नाही, यावर चर्चा नको. सूज असेल, गुडघा अडकत असेल किंवा मध्येच दगा देत असेल तर रत्नागिरीही नाही, थेट डॉक्टर. आणि गोळी घेऊन चढ चढवू नका. गोळीनं दुखणं कळेनासं होतं, एवढंच.

ब्रेकफेल (रात्री ९:२६)

आत्ता खाली जाऊन पाहिलं. दांड्याला खूण नव्हती. पण काकांच्या सीटखाली जुन्या जागेचा घासलेला पट्टा दिसतोय, त्याच्यापेक्षा दोन बोटं खाली आहे.

हाडवैद्यीण (रात्री ९:२९)

मग कारण सापडलं असावं. वर करा, पण एकदम नको, अर्धा बोट करत. आणि सीट वर केली म्हणून उद्या चालवायची परवानगी मिळाली असं नाही. जिना आधी.

पेडलमारुती (रात्री ९:३५)

वाशीवाली, तुमचं सगळं पटलं तरी ज्याचे पाय ठणठणीत आहेत त्यानं का थांबायचं? धाकट्यानं रजा टाकलीय, महिने घालवलेत तयारीत. एकाचा गुडघा, दुसऱ्याचं ऑडिट, आणि शिक्षा सगळ्यांना?

वाशीवाली (रात्री ९:४४)

मी कुठं थांबायला सांगितलं? रत्नागिरीपर्यंत एकत्र जा आणि तिथं फुटा, एवढंच. गुहागरात फुटलात तर दोघं चिडून जातील आणि दोघं अपराधी वाटून घेत चालवतील. रत्नागिरीत फुटलात तर चौघांनी एक टप्पा पुरा केलेला असेल.

शिवाय सामान. चौघांत पंप किती आहेत? चेनतोड्या (चेन उघडायचं अवजार) किती? ग्रुपमध्ये सगळं एकेक घेतलेलं असतं, एकाकडे पंप, दुसऱ्याकडे टायर लिव्हर, तिसऱ्याकडे औषधं. फुटताना ते कुणाबरोबर जाणार हे आज रात्री बसून वाटा. आम्ही फुटलो तेव्हा पंप परत जाणाऱ्याच्या बॅगेत ठाण्याला पोचला होता.

घोडबंदरकर (रात्री ९:५०)

पंप एक. चेनतोड्या एक. स्पोक-चावी धाकट्याकडे. आमच्या ट्यूबचे व्हॉल्व्ह प्रेस्टा (बारीक तोंडाचे) आहेत, गावातल्या दुकानातला पंप अ‍ॅडाप्टरशिवाय बसत नाही, आणि अ‍ॅडाप्टरही एकच.

वर जातो आता.

चिपळूणचा_पाहुणा (रात्री १०:०५)

स्टेशनबद्दल. चिपळूण स्टेशन गावापासून बाजूला वालोप्याला आहे, गुहागर रस्त्यानं येताना गाव ओलांडून जावं लागेल. मांडवी आणि कोकणकन्या दोन्ही चिपळूण, रत्नागिरीला थांबतात आणि ठाण्यालाही. सावंतवाडी-दिवा गाडी दिव्याला सोडते.

सायकल लगेज म्हणून बुक होते, पण ऐनवेळी प्लॅटफॉर्मवर नेऊन चढवता येईल या भरवशावर राहू नका. तिकीट घेऊन पार्सल ऑफिसात बरंच आधी जायचं, पुठ्ठ्यावर नाव, फोन आणि उतरायचं स्टेशन ठळक लिहून सायकलला बांधायचं, बाटली, दिवे, मीटर काढून ठेवायचे. ब्रेकव्हॅनमध्ये (गाडीच्या सामानाच्या डब्यात) जागा असेल तर त्याच गाडीत, नसेल तर मागाहून. सोमवारी ऑफिस असणाऱ्यानं हे गृहीत धरूनच चालावं.

भाट्याचा_शेजारी (रात्री १०:१८)

रत्नागिरीहून रेल्वेच कशाला? वाशी मार्केटला जाणारे टेंपो असतात. आंब्याच्या दिवसांत विचारूही नका, पण आत्ता जानेवारीत जागा मिळते. गोधडी मध्ये घालून सायकली उभ्या बांधल्या की झालं. वाशीहून ठाणं तुम्हाला काय, ठाणे-बेलापूर रस्त्यानं तासाभराचं काम. रत्नागिरीत आलात की इथं लिहा, दोन ठिकाणी विचारून ठेवतो.

खारघरची_टेकडी (रात्री १०:२४)

मी तर म्हणतो ई-बाईक घ्या, गुडघाही खूश आणि काकाही.

पेडलमारुती (रात्री १०:२६)

आले. प्रत्येक धाग्यावर येतात.

मालवणी_मुक्काम (रात्री १०:४०)

माझं न्याहारी-निवास आहे (कुठलं ते सांगत नाही, जाहिरात होईल). अ‍ॅडव्हान्सबद्दल दोन शब्द. बहुतेक घरगुती ठिकाणी आदल्या दिवशी सकाळपर्यंत फोन केलात तर माणूस समजून घेतो, तारीख पुढं ढकलून देतो. राग येतो तो न कळवता न येणाऱ्यांचा. मासे सकाळी घेतलेले असतात, चौघांचं वाटण झालेलं असतं, आणि संध्याकाळी सातला फोन येतो की आम्ही येत नाही, बेत बदलला. जेवण सांगितलं असेल तर आत्ता, उशीर झाला असला तरी, एक मेसेज टाका. चौघांऐवजी एकच येणार असेल तर तेही सांगा. एकाला खोली मिळेल, एकट्यासाठी उगीच चार बांगडे तळले जाणार नाहीत.

अनुजा_नौपाडा (रात्री १०:५२)

अ‍ॅडव्हान्स कुणाच्या डोक्यावर? आमच्या ग्रुपमध्ये यावरून दोन घरांत बोलणं बंद झालंय.

वाशीवाली (रात्री १०:५७)

चौघांत. निघताना चौघांनी ठरवलं होतं. गुडघ्याचं बिल कुणाला लावता येत नाही.

पेडलमारुती (रात्री ११:०३)

गुडघ्याचं नाही. ऑडिटचं लावता येईल.

---

घोडबंदरकर (शुक्रवार, सकाळी ६:५०)

जिना झाला. काका तिसऱ्या पायरीवर कठडा धरून थांबले आणि म्हणाले, "दुखत नाही, जरा खेचतंय." हाडवैद्यीणबाई, तुमचा निकाल मोठ्यानं वाचून दाखवला. सूज नाही, गुडघा अडकतही नाही. पण आज सायकल नाही.

रात्री बराच वेळ बसलो. चिपळूण बाद, गोवाही बाद (चौघांसाठी). उद्या रत्नागिरी. आमच्या खोलीवाल्यांच्या पुतण्याचा छोटा हत्ती (छोटा टेंपो) आहे. त्यात काका, काकांची सायकल आणि आम्हा तिघांच्या सगळ्या बॅगा. तो हेदवी, तवसाळवरून फेरीबोटीनंच जयगडला येईल आणि काकांना गणपतीपुळ्याला सोडेल. काकांकडे काम दिलंय: आज पुळ्यात खोली बघायची, जेवण सांगायचं, आणि रत्नागिरीच्या टेंपोचं फोनवर जमवायचं. हिशोबाची वही कालच त्यांनी ताब्यात घेतली. आत्ता छोट्या हत्तीवाल्याशी भाड्याची घासाघीस चालू आहे आणि माणूस कालपेक्षा दहा वर्षांनी तरुण दिसतोय.

धाकटा गप्प आहे.

वाशीवाली (सकाळी ७:१०)

बॅगा गाडीत म्हणजे तवसाळचा उतार आणि जयगडचा चढ मजेत जाईल. वेळणेश्वराला उतरू नका, उतरलात की परत वर यावं लागतं. हेदवीला दशभुज गणपती आहे. भरती असेल तर बामणघळ (समुद्रकाठच्या कातळातली चिंचोळी घळ) बघा, ओहोटीला तिथं फार काही दिसत नाही.

दर्यावर्दी (सकाळी ७:३२)

या दिवसांत सकाळी मतलई वारे असतात, जमिनीकडून. दुपारनंतर खारे वारे सुटतात, ते वायव्येकडून, म्हणजे दक्षिणेला जाणाऱ्याच्या पाठीवर. मोकळ्या सड्यावरचा मोठा टप्पा दुपारनंतर ठेवलात तर फुकटची ढकल मिळते. उलट, गोव्याहून ठाण्याला सायकलनं येणारे दुपारी सड्यावर रडतात. फक्त सव्वासहा-साडेसहाला सूर्य मावळतो हे धरून चाला, सड्यावर दिवे नसतात.

ब्रेकफेल (सकाळी ७:४०)

धाकटा गप्प नाही, धाकटा चेन पुसतोय. लिहायचं आहे पण रात्री लिहीन.

---

ब्रेकफेल (शुक्रवार, रात्री ९:१५)

गणपतीपुळे. जयगडच्या फेरीबोटीत काका आमच्या आधी पोचले होते आणि फेरीवाल्यांशी त्यांची ओळखही झाली होती. त्यांनी मालगुंडला केशवसुतांचं घर पाहिलं, आम्हाला वेळ झाला नाही. खोली बरी आहे. जेवणात सोलकढी संपली नाही, हे विशेष.

आता माझं. काल पेडलमारुतींना +१ दिला तेव्हा मला वाटत होतं की बाकीचे फक्त थकलेत आणि गुडघ्याचं निमित्त आहे. आज बॅगेशिवाय चालवताना कळलं की मीही थकलोय. तरी मला पुढं जायचंय. घोडबंदरकरचं म्हणणं, एकट्यानं नको. काकांचं म्हणणं, जाऊ दे. बँकवाल्यांचं म्हणणं, ऑडिट नसतं तर मीही आलो असतो, जे कुणालाच खरं वाटलं नाही. लोकहो, रत्नागिरी ते वेंगुर्ला एकट्यानं कसं आहे?

वाशीवाली (रात्री ९:३०)

मी एकटी केलं आहे. रस्ता सुरक्षित आहे, माणसं चांगली आहेत. अडचण आहे ती मागच्या चाकाची. जिथं एक स्पोक तुटला तिथं बाजूच्यांवर ताण येतो. श्रीवर्धनला काय केलंस? नुसतं चाक सरळ करून घेतलंस?

ब्रेकफेल (रात्री ९:३४)

हो. तुटलेला काढला, बाजूचे दोन कमी-जास्त केले. ब्रेकला घासत नाही.

वाशीवाली (रात्री ९:४१)

मग रत्नागिरीत ते आधी. शहर आहे, गियरच्या सायकलींचं दुकान मिळेल. स्पोक घालून, चाक फिरवून घेतल्याशिवाय भाट्याचा पूल ओलांडू नकोस. दोन जादा स्पोक त्याच मापाचे घे आणि सीटच्या नळीला चिकटपट्टीनं बांध. पंप, अ‍ॅडाप्टर, चेनतोड्या तुझ्याकडे. बाकीचे तिघं टेंपोनं जाणार, त्यांना पंप काय करायचाय? ओझं कमी कर. आणि रोज संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर एकाच माणसाला मेसेज. चौघांना नको, चौघांना केलास की प्रत्येकाला वाटतं दुसऱ्यानं वाचला असेल. काकांना कर.

पेडलमारुती (रात्री ९:५५)

आणि पणजीचा हट्ट धरू नकोस. मालवणला पोचलास की एकदा विचार कर, कुडाळ तिथून आत आहे, गाडी मिळते. वेंगुर्ल्याला पुन्हा एकदा विचार कर, सावंतवाडी आहे. (मी असं लिहीन असं काल वाटलं नव्हतं.)

मालवणी_मुक्काम (रात्री १०:०२)

मालवणच्या खोलीवाल्यांना कळवलंत का?

घोडबंदरकर (रात्री १०:०५)

काकांनी कळवलं. एकाची खोली ठेवली, बाकी अ‍ॅडव्हान्स मे महिन्यात वळता करून घेणार म्हणाले. मे महिन्यात मालवणला कोण जाणार विचारलं तर म्हणाले, "तुझी काकू."

---

घोडबंदरकर (रविवार, रात्री ८:२०)

ठाण्यात. थोडक्यात लिहितो.

शनिवारी आरे-वारे मार्गे रत्नागिरी. गणपतीपुळ्याहून २५ किलोमीटरच्या आसपास आहे, आणि काकांनी त्यातला आरे-वाऱ्याचा सपाट तुकडा, हाडवैद्यीणबाईंची क्षमा मागून, सगळ्यात हलक्या गियरवर चालवला. सकाळी जिना नीट उतरले होते म्हणून आम्ही अडवलं नाही. चढ लागल्यावर स्वतःच रिक्षाला हात केला, आम्हाला सांगावं लागलं नाही. बँकवाले रात्रीच्या गाडीनं सायकलशिवाय गेले. त्यांची, काकांची आणि माझी सायकल भाट्याच्या शेजाऱ्यांनी सांगितलेल्या टेंपोत. काका आणि मी केबिनमध्ये, ड्रायव्हरच्या शेजारी, कशेडी घाटापर्यंत काका त्याला सीटची उंची समजावत होते.

वाशीत पहाटे उतरलो. काकांना ऐरोलीपर्यंत सोडून पुढं रिक्षानं जा म्हटलं तर म्हणाले, इथं सपाट आहे. खरंच सपाट आहे. कळव्याच्या पुलावर मात्र उतरून चालले.

हिशोब चौघांत झाला, छोट्या हत्तीसकट. बँकवाल्यांनी जास्तीचे घ्या म्हणून आग्रह केला, आम्ही घेतले नाहीत. त्यांनी पुढच्या वेळी मामलेदारची मिसळ कबूल केलीय, ती सोडणार नाही.

हाडवैद्यीण (रात्री ८:३३)

क्षमा नाही. निदान दोन आठवडे सायकल बंद आणि या आठवड्यात कुणालातरी गुडघा दाखवा. सीटच्या दांड्यावर मार्कर करा, आजच.

घोडबंदरकर (रात्री ८:३६)

चौघांच्या दांड्यांना केला. धाकट्याच्या दांड्याला रत्नागिरीतच केला.

खारघरची_टेकडी (रात्री ८:४०)

धाकटा कुठं आहे?

घोडबंदरकर (रात्री ८:४८)

रत्नागिरीत स्पोक बसवून घेतला, जादा दोन घेतले. आज सकाळी पावस, पूर्णगड करत निघालाय. सहाला काकांना मेसेज आला: "विजयदुर्ग. चाक ठीक. वारा पाठीला होता." काकांनी तो मला पुढं पाठवला आणि खाली लिहिलं, सीटची खूण तपासलीस का विचार.

ब्रेकफेल (रात्री ९:३०)

तपासली. पुढचं माझ्या धाग्यावर लिहीन, इथं घोडबंदरकरचा प्रश्न सुटलाय.

अनुजा_नौपाडा (रात्री ९:३४)

लिंक इथंच द्या, नाहीतर सापडत नाही. आणि तो वाशीचा टेंपोवाला सायकली परत घेऊन जातो का? आम्हाला फेब्रुवारीत रत्नागिरीहून सुरुवात करायची आहे, सहा सायकली आहेत.

भाट्याचा_शेजारी (रात्री ९:५१)

जातो. वाशीहून खाली जाताना बऱ्याचदा रिकामाच असतो, त्यामुळं भाडंही कमी पडेल. तारीख सांगा, गोधड्या तुमच्या तुम्ही आणा.